रकाना चार आणि खिशातला कांदा

नागपुरातल्या सदर भागातल्या शुभचिंतक रुग्णालयाच्या संमती कक्षात सोमवारी सकाळी एक अर्ज दाखल झाला आणि छाननीत तो अपूर्ण आढळला. अर्जदार भावना मेश्राम, वय बत्तीस, त्याच रुग्णालयाच्या उष्माघात वॉर्डात सिस्टर. मुलं दोन. तिसऱ्याला घरात जागा नव्हती, मनात तर त्याहून नव्हती. म्हणून तिनं इथंच तांबी बसवून घेतली होती. तांबीची मुदत दहा वर्षं. चौथ्याच वर्षी ती फसली. आता सातवा आठवडा चालू होता आणि अर्ज गर्भपाताचा होता. डॉक्टर चिन्मयी म्हणाल्या होत्या, "कायद्याला तुझी एकटीची सही पुरते. फक्त उशीर करू नकोस."

पण कायदा आणि डॉक्टर यांच्या मधल्या टेबलावर शरच्चंद्र बसत. महसूल खात्यातून निवृत्त होऊन संमती अधिकारी झालेला हा गृहस्थ परिपत्रकाशिवाय शिंकतही नसे.

"रकाना चार कोरा आहे, बाई."

रकाना चार असा होता: 'आजच्या स्थितीस कारणीभूत कृतीस आपली संमती होती काय? हो / नाही.'

भावनानं आजवर ढीगभर फॉर्म भरले होते, पण हे कोणी लेखी विचारलं नव्हतं. तिनं 'हो'वर खूण केली.

"झालं तर मग!" शरच्चंद्र प्रसन्न झाले. "कृतीस संमती म्हणजे परिणामास संमती. अर्ज निकाली."

"अन् 'नाही' लिहिलं असतं तं?"

"तर पोलिसांना कळवावं लागलं असतं."

शेजारी तिचा नवरा संघपाल बसला होता. कोराडीच्या वीज केंद्रात फिटर. कोणता पाइप कुठं जातो हे आधी पाहायची सवय. "म्हणजे हो म्हणलं तं पाळणा, नाही म्हणलं तं मी लॉकअपात? अन् साहेब, संमती तं माही बी होती. मले काहून कोणी विचारून नाही राहिलं?"

"पुरुषांसाठी रकाना नाही. फार तर समितीपुढे ठेवतो. समिती पंधरा दिवसांनी बसते."

"तोवर पोट थांबते का साहेब?" भावनानं विचारलं.

"थांबण्यासाठी वेगळा अर्ज."

संचालकांना हे तत्त्व फार आवडलं. एकाच वॉर्डाला नियम लावला तर भेदभाव होतो, अशी ओरड होऊ नये म्हणून बुधवारपासून रकाना चार सगळ्या रुग्णालयाला लागू झाला. रिंग रोडवर पाय मोडून घेतलेल्या एकानं दुचाकीवर स्वखुशीनं बसल्याचं कबूल केलं, प्लास्टर नामंजूर. तो म्हणाला, हेल्मेट घातलं होतं जी. शेरा पडला: 'अर्जदारास अपघाताची पूर्वकल्पना होती.' मग गणपतराव आले, छाती चोळत. आदल्या दिवशी सावजी मटण झालं होतं.

"रश्श्याला संमती होती?"

"होती ना बाप्पा. दोनदा घेतला."

"मग जळजळीलाही दोनदा. पुढचे कोण?"

गुरुवारी पारा सेहेचाळीसवर गेला. 'कृतीस संमती म्हणजे परिणामास संमती' असा मोठा फ्लेक्स छापून तयार होता आणि शिपायावर विश्वास नसल्यानं तो आणायला शरच्चंद्र स्वतः भर दुपारी गेले. परत येताना फाटकापाशीच कोसळले. फ्लेक्स अंगावर पसरला, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

उष्माघात वॉर्डात ड्युटी भावनाची होती. तिनं बर्फ लावला, ओल्या चादरी गुंडाळल्या, सलाईन टोचली, कूलर त्यांच्याकडे वळवला. तासाभरानं साहेबांनी डोळे उघडले तेव्हा ती फॉर्म घेऊन उभी होती.

"रकाना चार, साहेब. उन्हात स्वखुशीनं गेले होते?"

"अहो, मी फ्लेक्स आणायला गेलो होतो! उष्माघात आणायला नाही!"

"रकान्यात तेवढी जागा नाही. हो का नाही?"

"सलाईन काढणार आहात काय?" साहेबांचा आवाज बारीक झाला.

"काढत नाही जी. माणूस पडला का आधी उचला लागते, फॉर्म मागाहून. पण फॉर्म तुमचाच आहे."

शरच्चंद्रांनी खिसा चाचपला आणि एक सुकलेला कांदा बाहेर काढला. "हे पाहा! कांदा ठेवला होता मी! लू लागू नये म्हणून घरून निघतानाच ठेवला होता. काळजी घेतली होती हो!"

भावनानं कांद्याकडे पाहिलं.

"मी बी तांबी बसवली होती, साहेब."

साहेबांनी कांदा परत खिशात ठेवला. मग त्यांनी तिचा अर्ज मागवला. उजव्या हाताला सलाईन होती, म्हणून डाव्या हातानं लिहिलं: 'विशेष बाब म्हणून मंजूर. पायंडा पडू नये.' स्वतःच्या फॉर्मवर, रकाना चारमध्ये, लिहिलं: 'लागू नाही.'

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर चिन्मयींनी भावनाला मोकळं केलं. सोमवारी ती ड्युटीवर हजर होती. येताना फाटकावर एव्हाना लागलेल्या त्या फ्लेक्सच्या सावलीत घटकाभर थांबलीसुद्धा. ऊन फार होतं.

ही हकीकत आता नागपूरभर झाली आहे. ऐकणारा प्रत्येक जण पोट धरून हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण काय जी, तिनं तांबी मधी कधी तपासून घेतली होती का नाही?" साहेबांनी कांदा तपासून घेतला होता का, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही.