भटूआप्पांच्या शेजारची सीट

भटूआप्पा बायकोशी खासगीत बोलले की नंदुरबारातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला त्यांच्या घरचा बेत कळतो. उभी हयात डिझेलच्या ट्रकवर गेली. इंजिन गुडघ्याशी गुरगुरत असताना माणूस हळू बोलणार कसा! जेवताना 'मीठ दे' म्हणाले की समोरच्या घरातून मीठ येतं.

मुलगी सासरी गेल्यापासून, आप्पा खेपेवर असले की त्यांची बायको मथुराकाकू घरात एकट्याच. खेपेला निघताना आप्पा आमच्या दारात येऊन माझ्या आईला गरजून सांगत, "वहिनी, तिनावर ध्यान ठेवजो!" सोबत न्यायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. पण डिझेलच्या वासाने काकूंना घाटातल्या पहिल्याच वळणावर उलट्या सुरू झाल्या आणि जीपमध्ये बसवून घरी पाठवावं लागलं. आप्पांना ते फार लागलं होतं.

मग आप्पांच्या मालकाने विजेवरचा ट्रक आणला. बाकीचे ड्रायव्हर मागे सरले. आप्पा टाकीतलं डिझेल बघायची काठी घेऊन गाडीभोवती फिरत राहिले. ती घालायची कुठे, तेच सापडेना. "हाई गाडी शे का पंखा?" म्हणत चावी मात्र त्यांनीच घेतली. पहिल्या खेपेनंतर गल्लीत प्रवचन सुरू! "धूर नही, वास नही, हादरा नही! आनि घाट उतरताना बॅटरी आपोआप भरस, भो! डिझेलना ट्रकनी कधी डिझेल परत दिन्हं का?"

पुढच्या खेपेला शेजारच्या सीटवर काकू होत्या. मलाही धडगावला जायचं होतं, म्हणून केबिनमधल्या मागच्या फळीवर मी. तळोदा सुटेपर्यंत काकू नाकाला पदर लावून बसल्या होत्या. घाट लागला, काहीच झालं नाही, आणि मग ज्या बोलत सुटल्या! मी त्यांना इतकी वर्षं अबोल समजत होतो. आप्पांच्या आवाजापुढे बिचारीला वावच नव्हता. आज आप्पा चक्क गप्प.

बोलता बोलता काकू सहज म्हणाल्या, "तुम्हीन बाहेर ऱ्हातस तवय मी गॅस चहापुरताच पेटाडस. एकलीकरता काय रांधू?"

धडगाव आलं. हमाल ताडपत्री सोडू लागले. आप्पा जागचे हलले नाहीत.

"मंग जेवाले काय खास तू?"

"शिळी भाकर. चहामा."

आप्पांचे डोळे भरून आले. खालून हमालाने हाक मारली तशी त्यांनी काच उतरवली. "माल ऱ्हाऊ द्या, भो. आगोदर आम्हीन जेवी येतस."

मग वळसा घालून ते दुसऱ्या दाराशी गेले आणि भर बाजारात, सगळ्यांसमक्ष, त्यांनी काकूंना उतरायला हात दिला.