टिटवीचा प्रबंध

एका जंगलात राजा होता, प्रजा होती, पाणवठा होता, पण धोरण नव्हते. आता धोरण म्हणजे काय, असे मला विचारू नका, मुलांनो. ते शिकवायला तिथे एक विद्यापीठच काढले होते. दोन वर्षे तिथे शिकूनही कुणाला ते नक्की सांगता येत नसे, पण नोकरी मात्र लागे.

विद्यापीठाचे प्रमुख होते बगळे सर. ते दिवसभर तळ्यात एका पायावर उभे राहत. त्याला ते संशोधन म्हणत. मधूनच एखादा मासा गट्ट करत. त्याला क्षेत्रकार्य म्हणत.

पहिल्या दिवशी तिथे एक रीत असे. प्रत्येकाने उठून आपली पार्श्वभूमी आणि महत्त्वाकांक्षा सांगायची. पार्श्वभूमी जितकी खडतर आणि महत्त्वाकांक्षा जितकी धूसर, तितके सर खूश.

आधी कोल्हा उठला. त्याच्या तीन पिढ्या सिंहाच्या दरबारात गेल्या होत्या. "मी भूक फार जवळून पाहिली आहे," तो म्हणाला. "आमच्या गुहेच्या ओट्यावरून स्पष्ट दिसायची. मला व्यवस्था आतून बदलायची आहे."

सरांनी मान डोलावली.

मग मगर उठली. ती आधी एका सल्लागार कंपनीत होती. नदी कुठून ओलांडावी, याचा सल्ला हरणांना द्यायची. आता समाजासाठी काहीतरी करायचे आहे, असे तिने डोळे पुसत सांगितले. रानमांजर दरबाराच्या परीक्षेत तीनदा आपटले होते. "चौथ्या परीक्षेपर्यंत इथे बसतो," ते म्हणाले. एवढे खरे बोलल्याबद्दल वर्गाने त्याला शेवटपर्यंत माफ केले नाही.

सर्वांत शेवटी उठली कुंदा टिटवी.

कुंदा नदीकाठची. टिटव्या झाडावर घरटे बांधत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वाळूतल्या गोट्यांमध्येच अंडी घालतात. दर उन्हाळ्यात गव्यांचा कळप तिथून पाण्याला उतरे आणि अंडी खुरांखाली जात. कुंदाची चार भावंडे अशीच गेली होती. प्रवेशाच्या निबंधात तिने हे सगळे लिहिले होते. गव्यांच्या वाटेचा नकाशाही सुबक काढून जोडला होता.

"मला गव्यांची वाट बदलायची आहे," ती म्हणाली.

"बरं. आणि मग?" सरांनी विचारले.

"मग काही नाही. अंडी वाचतील."

वर्गात खसखस पिकली. "बाळ," सर मायेने म्हणाले, "ही महत्त्वाकांक्षा नव्हे. हे नुसतं काम आहे."

कुंदाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून तिने मान खाली घालून अभ्यास केला. वर्षभरात ती गव्यांना 'अवजड हितसंबंधी' म्हणू लागली आणि अंड्यांना 'असुरक्षित घटक'. तिची पत्रे आई शेजारच्या पोपटाकडून वाचून घेई. पोपट घडाघडा वाचून दाखवी, पण समजावून सांगताना त्याचीही बोबडी वळे.

विद्यापीठातल्या उत्तम प्रबंधाला सिंहाच्या सल्लागाराची जागा मिळत असे. जागा एकच होती, आणि कुंदाला ती मनापासून हवी होती. तिथे बसले की जंगलभरचे गवे वळवता येतील, असे तिला वाटे. तिचा हेतू चांगलाच होता, मुलांनो. तिथे सगळ्यांचाच असतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती जाडजूड प्रश्नावली घेऊन घरी निघाली. कोल्हाही बरोबर आला. त्याला नदीकाठ एकदा बघायचाच होता.

पाहते तो काय, वाळूत जागोजागी अंडी, सगळी शाबूत. खुराची एक खूण नाही.

"आई, गवे कुठं गेले?"

"ते होय? ते आता वरच्या अंगानं जातात. बाभळीच्या पलीकडनं."

"कुणी वळवलं त्यांना?"

"मीच सांगितलं की. त्यांच्यातल्या थोरलीला म्हटलं, बाई, जरा वरच्या अंगानं जात जा, खाली आमची लेकरं असतात. बिचारी ओशाळली. म्हणाली, अगं, गोट्यांत गोट्यासारखी ती अंडी, आम्हाला दिसतच नाहीत. आधी का नाही बोललीस?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू शिकतीयस म्हटलं, तूच येऊन करशील. पण तुझ्या पत्रात आलं, अजून नुसता आढावाच चाललाय. अंडी कुठवर थांबणार?"

खरे सांगायचे तर कुंदाला आनंद झाला नाही. तिला आपला प्रबंध बुडालेला दिसला. दरबारातली जागा गेलेली दिसली. आईचा तिला चक्क राग आला.

कोल्हा तिच्या कानाशी लागला. "तुलना कर ना. आठ दिवस गवे जुन्या वाटेनं येऊ देत. निम्मी अंडी जुन्या वाटेवर, निम्मी बाजूला. प्रबंध पक्का होईल बघ."

कुंदाने ते आईला सांगितले. सांगताना आईकडे पाहिले नाही.

लेकीला शिदोरी बांधून देताना विचारावे तसे आईने विचारले, "किती अंडी लागतील तुला?"

कुंदा प्रश्नावलीची पाने उलटू लागली.

"मी पाणी पिऊन येते," आई म्हणाली. "तोवर बैस यांच्यावर. ऊन लागतंय त्यांना."

कुंदा बसली. पोटाखाली काहीतरी टकटकले. मग पुन्हा टकटकले. तिने हळूच उठून पाहिले तर एक ओले पिल्लू कवचातून मान बाहेर काढत होते. तिने प्रश्नावली उचलली आणि त्याच्यावर सावलीला धरली. दोन वर्षांच्या अभ्यासाचा झालेला तो पहिला उपयोग.

कुंदाचा प्रबंध एका ओळीचा झाला. 'गव्यांना सांगितले, ते वळले.'

"संदर्भ कुठे आहेत?" सरांनी विचारले.

"आई," कुंदा म्हणाली.

सरांनी तिला नापास केले.

कोल्ह्याने त्याच विषयावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला. प्रस्तावनेत 'एका स्थानिक पक्ष्याचे' आभारही मानले. तो सल्लागार झाला. लगेच त्याने गव्यांची वाट हुकमाने कायम करायचे ठरवले. घाईत नकाशा हवा होता. कचेरीत सुबक नकाशा एकच सापडला, कुंदाच्या प्रवेशाच्या निबंधातला. त्यात जुनीच वाट होती. हुकूम निघाला, शिक्का बसला.

कुंदाची आई पुन्हा गव्यांच्या थोरलीकडे गेली. "आता आमच्या हातात नाही गं बाई," थोरली म्हणाली. "दरबारात अर्ज कर."

कुंदाने अर्ज केला नाही. वाट फुटते तिथल्या दगडावर ती रोज संध्याकाळी जाऊन बसू लागली. कळप दिसला की जीव खाऊन ओरडायची, "वरच्या अंगानं, वरच्या अंगानं." थोरली मान वर करायची, हुकूम विसरायची आणि वरून निघून जायची. अंडी वाचत राहिली. दरबाराच्या अहवालात हुकूम यशस्वी झाल्याची नोंद झाली.

टिटवी अजूनही ओरडते. लोक त्याला अपशकुन म्हणतात. म्हणू देत. ते तिचे क्षेत्रकार्य आहे.

प्रश्नावलीच्या सावलीत जन्मलेले ते पिल्लू पुढे मोठे झाले. ताईसारखे शिकायचे म्हणून त्याने विद्यापीठात अर्ज केला. बगळे सरांनी तो दोनदा वाचला आणि हळहळून परत दिला.

"हुशार आहेस," ते म्हणाले, "पण पार्श्वभूमी कमी पडते. तुझ्या बाबतीत काही वाईट घडलेलंच नाही."

तात्पर्य: आपला प्रश्न जिवापाड जपावा, आणि आईला त्याच्या आसपासही फिरकू देऊ नये.