ड्रायव्हर जुना झालाय

सासऱ्यांच्या संगणकातली जुनी प्रणाली काढून तिच्या जागी सगळ्यांसाठी खुली असलेली, फुकटातली प्रणाली जावयाने स्वतःच्या हौसेने घातली होती. त्यामुळे सासरे रोज खेळायचे त्या बस चालवण्याच्या खेळात गडबड सुरू झाल्यावर ती निस्तरणंही त्याच्याच गळ्यात पडलं. रस्ता जांभळा दिसायचा, त्यावर हिरवे पट्टे नाचायचे आणि प्रवासी उतरून गेले तरी त्यांची डोकी सीटवरच राहायची. सासरे चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. या खेळात मात्र त्यांनी आठवड्यात अकरा खांब पाडले होते.

"खांब आधी दिसतच नाही हो," ते म्हणाले. "एकदम समोर उगवतो."

त्यात आज पाच वाजता त्यांचे जुने कंडक्टर खेळ बघायला येणार होते. त्यांच्यासमोर खांब पडला असता, तर चौतीस वर्षांच्या अब्रूवर पाणी पडलं असतं.

"पाचच्या आत करून देतो, बाबा," जावई छातीठोकपणे म्हणाला आणि त्याने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. थोडा वेळ हं हं केलं आणि मग त्याचा आवाज चढला. "म्हणजे खेळात काही खोट नाही! सगळा दोष ड्रायव्हरचा. जुना झालाय रे, झेपत नाही त्याला आता. काढून टाकतो आणि नवा आणतो."

मागे कपबशी खणकन टेबलावर आदळली. त्याने वळून पाहिलं, तर सासरे बाल्कनीकडे निघाले होते. पाठोपाठ सासूबाई आल्या.

"काय बोललात त्यांना?"

"त्यांना नाही, आई. ड्रायव्हरला बोललो."

"मग ते कोण आहेत?"

"अहो, हा संगणकातला ड्रायव्हर. पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात."

"आणि तो जुना झालाय."

"हो."

"त्याला झेपत नाही."

"हो... म्हणजे..."

"कळलं," म्हणत सासूबाईही बाल्कनीत जाऊन बसल्या.

जावयाने घाईघाईने ड्रायव्हर काढला आणि संगणक पुन्हा चालू केला. पडदा काळाठिक्कर. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. मित्र आता फोन उचलेना. मोबाइलवर कुणीतरी 'अगदी सोपं आहे' असं लिहून खाली चार पानं सूचना दिल्या होत्या. त्या बघून तो एकेक अक्षर टाइप करत बसला. तेवढ्यात बायको डोकावली.

"बाबा विचारतायत, नवा ड्रायव्हर कामावर रुजू झाला का?"

तो टाइप करतच राहिला. पाचला पाच मिनिटं असताना पडदा उजळला आणि दाराची बेल वाजली.

पाहुणा आल्यामुळे सासऱ्यांना बाल्कनी सोडावीच लागली. ते खुर्चीत ताठ बसले. रस्ता अगदी लख्ख होता, प्रवाशांची डोकी प्रवाशांबरोबरच उतरत होती. कंडक्टरांनी चमच्याने पेल्यावर टण् टण् केलं. बस सुटली. पहिल्याच वळणावर एक खांब होता. लांबूनच दिसत होता, त्यावरचा नंबरसुद्धा वाचता येत होता. बस सावकाश वळली आणि सरळ त्या खांबावर गेली.

कंडक्टरांनी पेल्यावर एकच टण् केलं.

"जावईबापू," सासरे पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "तो जुना ड्रायव्हर परत घेता येईल का?"

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्याला एकदम वाईट वाटलं.

"येईल की," तो म्हणाला. "अनुभवी होता. मीच उगाच काढला."

अर्ध्या तासाने रस्ता पुन्हा जांभळा झाला, हिरवे पट्टे नाचू लागले आणि त्याच वळणावर तोच खांब पडला.

"रस्ता असला म्हटल्यावर ड्रायव्हर तरी काय करणार!" कंडक्टर कळवळून म्हणाले.

"काहीच नाही," जावई म्हणाला. "ड्रायव्हरचा काही दोष नाही."

सासूबाईंनी चहा आणला आणि पहिला कप त्याला दिला.