गुंडोपंतांची तपासणी

गुंडोपंत भेटले की नमस्कार करत नसत. वाट अडवून म्हणत, "मास्तर, जरा हसून दाखवा की."

मला शाळेला उशीर झालेला, सोलापूरचं ऊन डोक्यावर, हसावं असं काहीही घडलेलं नसे. तरी हसावं लागे. मग दोन्ही हात समोर धरायचे आणि त्यांच्यामागून म्हणायचं, "सिद्धेश्वराच्या तळ्याला पाणी आलं." तोंड वाकडं होत नाही, हात खाली येत नाही, जीभ अडखळत नाही, अशी खात्री पटली की ते बाजूला होत. "काही नाही, शंका नको म्हणून."

जकात नाक्यावरची नोकरी संपवून हे गृहस्थ आमच्या शेजारी एकटेच राहत. अर्धांगवायू हा त्यांचा एकमेव विषय. तो येताना खुणा दाखवतो, लोक बघत नाहीत, अशी त्यांची तक्रार. पलीकडचे मल्लय्या विणकर गालात तंबाखूचा बार भरून बसले होते, तर यांनी त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थुंकायला सांगितलं, तोंड सरळ झालं. माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला हात वर करायला लावले. त्यानंतर यांना कुठंही न्यायचं नाही, असं बायकोनं ठरवलं. मीही लगेच कबूल झालो.

एका सकाळी चहा पिताना माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हातातून कप पडला. ओठाच्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळला. ते काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, "हात अंगाखाली आला असेल रात्री. पडा जरा, बरं वाटेल." मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात कप फुटल्याचा आवाज ऐकून गुंडोपंत दारात. मी मनात कपाळाला हात लावला.

"अण्णा, हसा की."

अण्णांची एकच बाजू हसली. समोर धरलेला उजवा हात हळूहळू खाली आला. तळ्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात नुसतंच घरंगळलं.

गुंडोपंत हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, अर्धांग आहे. डॉक्टरांना आणा, आत्ता. वहिनी, पाणी पाजू नका, ठसका लागून छातीत जाईल. कुशीवर निजवू या."

त्या काळी यावर औषध असं फारसं नव्हतंच. पण पाणी पाजलं नाहीत, उठू दिलं नाहीत, हे बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा वाचले. पुढं काठी घेऊन चालूही लागले. बोलणं मात्र सगळं कालवलेलं. आम्हाला एक शब्द कळेना. अण्णा चिडत, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहत.

गुंडोपंत रोज दुपारी येऊन बसायला लागले. न बोलावता. माझी दुपारची झोप मोडायची, म्हणून मी कुरकुरतच होतो. एकदा सहज कान दिला. अण्णांचं ते अगम्य बोलणं चाललं होतं आणि गुंडोपंत म्हणत होते, "नाही अण्णा, ती विहीर केव्हाच बुजवली. हां, तिथंच, चिंचेपाशी." पुन्हा अण्णा काही बोलले. पुन्हा यांचं उत्तर.

ते निघाले तेव्हा मी दारात गाठून विचारलं, "तुम्हाला कळतं कसं?"

जोडे घालता घालता ते म्हणाले, "आमच्या हिचं बरीच वर्षं असंच होतं, मास्तर. आधी नाही कळायचं. मग सगळं कळायला लागलं." दुसरा जोडा पायात सरकवून ते पुढं म्हणाले, "ती गेल्यापासून असं बोलणं कानावर पडलं नव्हतं."

पायरी उतरून ते वळले.

"उद्या जरा लवकर आलो तर चालेल का?"