स्वयंपाकघरातला गिअरबॉक्स

लेम्पी हेक्किलाने नवऱ्याला सोडून जायचं ठरवलं, त्यात भांडण असं काहीच नव्हतं. रविवारी चर्चहून आल्यावर तिने कोट खुंटीला अडकवला, कॉफी ठेवली आणि सांगितलं की या हिवाळ्यात ती डुलूथला, धाकट्या बहिणीकडे, सिल्वीकडे राहायला जाणार आहे. हिवाळ्यापुरतीच का, असं तौनोने विचारलं. ते हिवाळा संपल्यावर बघू, असं ती म्हणाली.

का जातेस, हे तौनोला विचारावं लागलं नाही. हॅनकॉकच्या मुख्य रस्त्यावर त्याचं केस कापायचं दुकान होतं. तिथे तो दिवसभर बोलायचा. बर्फ, हॉकी, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणी, कुणाची मुलगी कुणाबरोबर हिंडते. केस वाढलेले नसतानाही लोक येऊन बसायचे. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याच्यापाशी एक शब्द शिल्लक नसायचा. लेम्पीने ते वर्षानुवर्षं समजून घेतलं होतं. दुकान बंद झालं तेव्हा तिला वाटलं, आता आपली पाळी. पण दुकानातली खुर्ची विकली गेली तिच्याबरोबर बोलणंही गेलं असावं. वर्षभरात तो तिच्याशी जे काही बोलला ते मीठ, दार आणि सांध्यांचं दुखणं यापलीकडे गेलं नव्हतं.

जाण्यात अडचण एकच होती, गाडी. जुनी लांबलचक गाडी लेम्पीच्या वडिलांची होती, म्हणजे तिचीच. पण चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. गावातल्या मेकॅनिकने खाली वाकून न बघताच सांगितलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून झिजलाय आणि या गाडीवर तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही. लेम्पी घरी येऊन खिडकीपाशी बसली. तौनोला तिला म्हणायचं होतं, नको जाऊस. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी करतो दुरुस्त."

"तू?" लेम्पी म्हणाली. "तू तर पाना कुठे ठेवलाय ते मला विचारतोस."

पण बोलून झालं होतं. शिवाय बायको आपल्याकडे बघतेय, हे बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

जॅक शेजारच्या आर्वोने दिला. आर्वो खाणीत होता, आता पेन्शनवर होता आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा शेवट चांगला झालेला आवडत नसे. जॅक दिल्यावर त्यावर लक्ष ठेवायला तो रोज येऊ लागला. कॉफी घेऊन उलट्या बादलीवर बसायचा आणि गाडीखाली चिरडून कोण कोण गेलं ते सांगायचा.

"माझ्या मावसभावाने असाच गिअरबॉक्स घरी खोलला होता," तो म्हणाला.

"मग?" गाडीखालून तौनोने विचारलं.

"त्याच्या बायकोने दुसरं लग्न केलं. नवरा बरा आहे. त्याच्याकडे मॅन्युअल गाडी आहे."

गिअरबॉक्स खाली उतरला तो थेट उतरला नाही, आधी तौनोच्या छातीवर थोडा वेळ थांबला. आर्वोने आणि लेम्पीने मिळून तो बाजूला केला. शेडमध्ये इतकी थंडी होती की बोटं वळेनात, म्हणून तौनोने ते धूड घसरगाडीवर घालून अंगणातल्या सौनामध्ये, म्हणजे वाफेने न्हायच्या लाकडी खोलीत, नेलं, चूल पेटवली आणि उबेत बसून खोलायला घेतला. उबेने आतलं तेलही पातळ झालं. ते लालभडक तेल बाकांवरून, फळ्यांमधून, जमिनीवर पसरलं. हरणांच्या शिकारीचे दिवस होते. आर्वोने दार उघडून आत पाहिलं आणि हरीण कुठे मारलंस म्हणून विचारलं.

शनिवारी लेम्पी टॉवेल घेऊन सौनाच्या दारात उभी राहिली. जन्मापासून तिचा सौनाशिवाय शनिवार गेला नव्हता. फक्त तो टॉवेल तिने तेल पुसायला तिथेच ठेवला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तौनोने लाजून सगळा पसारा उचलला आणि आणला तो स्वयंपाकघरात, कारण घरात दुसरं मोठं टेबल नव्हतं.

तिथे मात्र त्याची बोटं कामाला लागली. जन्मभर कात्री चालवलेली बोटं होती. प्रत्येक बारका भाग तो पांढऱ्या कापडावर ओळीने मांडायचा, जसे कंगवे मांडायचा. नवीन क्लच प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात, त्या भिजवल्या टर्की भाजायच्या मोठ्या भांड्यात. त्यामुळे थँक्सगिव्हिंगला टर्की झाली नाही. दुकानातून आणलेल्या पेस्टी, मांस-बटाटे भरलेल्या मोठ्या करंज्या, दोघांनी बशी मांडीवर घेऊन खाल्ल्या. टेबलावर पाहुण्यासारखा गिअरबॉक्स बसला होता.

मग गोळ्या सांडल्या. आतल्या तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या मटाराएवढ्या पोलादी गोळ्या एका वाटीत होत्या. तौनोचं कोपर लागलं. हॅनकॉक सगळं टेकडीच्या उतारावर वसलंय आणि घरही काळाबरोबर उताराकडे झुकलं होतं, तेव्हा गोळ्या सरळ रांगेत चुलीखाली गेल्या. लेम्पी विजेरी घेऊन पालथी पडली. बाकीच्या हाताला आल्या, एक आली नाही. म्हणून दोघांनी बिडाची चूल पुढे ओढली. चूल सरकली, धुराडं तिच्यामागे आलं नाही. ते वरून निखळलं आणि त्यातली वर्षाची काजळी हळूच, काळ्या बर्फासारखी, टेबलावरच्या प्रत्येक धुतलेल्या, पुसलेल्या, व्हॅसलीन लावलेल्या भागावर उतरली.

लेम्पीच्या भुवया दिसत नव्हत्या.

"मी जायला निघाले होते," ती शेवटी म्हणाली, "याच्यापेक्षा चालत गेले असते."

तौनोला वाटलं आता ती रडेल. तिने बाह्या वर केल्या आणि मोरीत गरम पाणी सोडलं. ती धूत होती, तो पुसत होता. हा कसला तुकडा, असं तिने विचारलं, तर तौनोने सांगितलं. हा कशाला, तर तेही सांगितलं. पंप तेल दाबतो, दाबलेलं तेल प्लेटा आवळतं, आवळलेल्या प्लेटा चाकं फिरवतात. तो बोलत राहिला. आर्वो दाराशी येऊन ऐकत उभा राहिला आणि न बसताच परत गेला. दोन दिवस घरात स्वयंपाकच झाला नाही. पण गिअरबॉक्स धुवून झाला, हरवलेली गोळीही काजळीत सापडली, भाग जागेवर गेले आणि तौनोचं बोलणंही संपलं. रिकाम्या झालेल्या पाण्याच्या टाकीसारखा तो पुन्हा गप्प झाला. लेम्पीने सामान बांधायला घेतलं.

गिअरबॉक्स परत बसवून गाडी सुरू झाली तेव्हा शेडबाहेर नवा बर्फ पडलेला होता. लेम्पीच बसली गाडी चालवायला, तौनो शेजारी. आर्वो दूर, भिंतीच्या आडोशाला, काही उडालं तर अंगावर नको म्हणून. गाडी गुपचूप पुढे निघाली. चर्चला वळसा घालून, गावातल्या सगळ्यात उभ्या चढावरून गेली, एकदाही घसरली नाही, ओरडली नाही. परत आल्यावर आर्वो गाडीभोवती फिरला. त्याचा चेहरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेम्पी निघाली. काच खाली करून थांबली.

"वाटेत थांबून गिअरबॉक्सचं तेल बघ," तौनो म्हणाला. "इंजिन चालू ठेवून बघायचं. बंद करून बघितलं तर चुकीचं दिसतं."

"बरं. आणखी काही?"

आणखी बरंच होतं. तौनोने त्याला कुठून सुरुवात करावी याचा विचार केला.

"हळू जा," तो म्हणाला.

लेम्पीने काच वर केली. तौनो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत होता. कोपऱ्यावर दुसरा गिअर पडला. लोण्यातून सुरी जावी तसा. गावाबाहेर जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे तिसरा पडला, तोही धक्का न देता. तौनोचा ऊर भरून आला. आयुष्यात त्याने केलेलं सगळ्यात अवघड काम हेच. मग आवाज पुलापलीकडे गेला आणि ऐकायला काही उरलं नाही.

"चांगलं काम केलंस," मागून आर्वो म्हणाला. "थोडं वाईट केलं असतंस तर ती इथेच असती."

तौनो घरात आला. टेबल मोकळं होतं. लेम्पीने ते निघण्याआधी घासून पुसून ठेवलं होतं आणि त्यावर एकच कप मांडला होता. तो दिवसभर त्या कपासमोर बसला. कॉफी करायची त्याला आठवण राहिली नाही.

अंधारून येताना फोन वाजला.

"पोचले," लेम्पी म्हणाली.

"तेल पाहिलंस?"

"पाहिलं. ठीक होतं." ती थांबली. "तौनो, गाडी मागे येत नाही."

सिल्वीचं घर डुलूथच्या उतारावर होतं, हॅनकॉकपेक्षाही उभ्या. अंगणातली वाट रस्त्यावरून खाली उतरून गॅरेजच्या दाराशी संपायची. लेम्पीने गाडी नाकासमोर खाली नेऊन दाराला टेकवली होती. सिल्वीची गाडी आत अडकली होती आणि तिला उद्या सकाळी कामावर जायचं होतं. आता लेम्पीने रिव्हर्स टाकला की इंजिन ओरडत होतं आणि गाडी तिथेच.

तौनो भिंतीला टेकला. शेडमध्ये गाडी पुढे तोंड करून होती. तिथून ती पुढेच निघाली होती. चर्चला वळसा घालून पुढेच परत आली होती. रिव्हर्स कुणी टाकून बघितलाच नव्हता. फोनवर मागून सिल्वीचा आवाज येत होता. तो आनंदी नव्हता.

"काय म्हणतेय ती?" तौनोने विचारलं.

"शेजारी हॉकी खेळणारी चार धिप्पाड पोरं राहतात. त्यांना बोलावून गाडी न्यूट्रलला टाकून मागे ढकलू, म्हणतेय. मी म्हटलं, अजिबात हात लावायचा नाही. आत काय काय असतं ते मी बघितलंय. ढकललं तर तुटेल. ज्याने बसवलंय त्यालाच इथे यावं लागेल."

तौनोला गाडीबद्दल खोटं बोलता येत नव्हतं, विशेषतः आता.

"न्यूट्रलला तुटत नाही गं," तो म्हणाला. "खुशाल ढकला. काही होणार नाही."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. सिल्वीचं बोलणं ऐकू येईनासं झालं. लेम्पी फोनच्या अगदी जवळ येऊन बोलली.

"मला माहीत आहे, तौनो. सिल्वीला माहीत नाही."

तौनो उभाच राहिला. गिअरबॉक्स समजायला त्याला यापेक्षा कमी वेळ लागला होता. मग, फोन कानाला तसाच धरून, त्याने पायाने चाचपडत बूट शोधायला सुरुवात केली, आणि शोधता शोधता आर्वो काय म्हणाला, कॉफी कशी राहून गेली, पुलापाशी तिसरा गिअर कसा पडला, हे तो तिला सांगू लागला.