मारुतीरावांची बोटं

चहाचं पितळी फुलपात्र शालूबाईंनी पदराच्या टोकात धरून नवऱ्यासमोर ठेवलं. मारुतीराव वकिलांनी हातातल्या कागदांवरून नजर न काढता ते डाव्या हाताच्या बोटांनी उचललं आणि तसंच धरून ठेवलं. चहातून वाफा निघत होत्या.

"भाजत न्हाय तुम्हाला?"

"काय?"

"फुलपात्र. मला पदरातनंबी धरवंना झालतं."

मारुतीरावांनी एकदा फुलपात्राकडे पाहिलं, एकदा बोटांकडे. मग अंगठ्यानं एकेका बोटाचं टोक चाचपलं आणि ते हसले. कोर्टात दावा जिंकून आल्यावरही ते कधी असे हसत नसत. शालूबाई त्या बोटांकडेच बघत राहिल्या.

त्या हसण्याचं कारण बेळगावच्या कॅम्पात होतं. एकोणिसाव्या वर्षी मारुतीराव तिथल्या पास्कोल मास्तरकडे गिटार शिकायला जात. पास्कोल मूळचा गोव्याचा, चर्चच्या आणि लग्नाच्या बँडात वाजवणारा. वडिलांना, म्हणजे आप्पांना, पत्ता लागला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वकील व्हायचंय का बँडवाला?" गिटार तिथंच सुटली. पुढं वकिली आली, लग्न झालं, नीला झाली, केस पिकले. गेल्या दिवाळीनंतर एका अशिलाच्या कामासाठी ते कॅम्पात गेले असताना त्याच घराच्या खिडकीतून त्याच तारा ऐकू आल्या. मारुतीराव सरळ आत शिरले. म्हाताऱ्या पास्कोलनं चष्मा पुसून त्यांना नीट न्याहाळलं आणि तो म्हणाला, "उशीर केलास, मारुतीबाब. बस."

तेव्हापासून मारुतीराव रोज संध्याकाळी 'फिरायला' जाऊ लागले. घरी बोलायची सोय नव्हती. याआधी त्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या, त्या उडून गेल्या. कॅमेरा आणला होता, तो माळ्यावर होता. नीलाचं लग्न होईपर्यंत घरात नवं खूळ येता कामा नये, असं शालूबाईंनी बजावलं होतं. शिवाय मारुतीरावांनी स्वतःच ठरवलं होतं की एक तरी चाल अख्खी, न चुकता वाजवता येईल तेव्हाच कुणाला सांगायचं. पोलादी तारांनी बोटं कापली, फोड आले, फुटले, पुन्हा आले. "बोटांना काही कळेनासं झालं की खरं शिकणं सुरू," असं पास्कोल म्हणायचा. आणि आज फुलपात्र भाजलं नव्हतं.

शालूबाई त्याच दुपारी शेजारच्या नागुबाईंकडे गेल्या. खडेबाजारामागच्या त्या गल्लीत कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा मुरगळलेला पाय, नागुबाईंचा शब्द आधी आणि डॉक्टरचा मागून. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बघूनच सांगते."

संध्याकाळी मारुतीराव झोपाळ्यावर बसून दाव्याचे कागद वाचत होते, डावा हात खाली लोंबत होता. नागुबाई गोधडी शिवायचं निमित्त करून जवळच बसल्या होत्या. त्यांनी सुई हळूच त्या हाताच्या एका बोटाच्या टोकाला टोचली. मारुतीरावांनी पान उलटलं. नागुबाईंनी दुसऱ्या बोटाला जरा जोरात टोचली. मारुतीराव पुटपुटले, "साक्षीदार खोटा दिसतोय," आणि वाचत राहिले.

नागुबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "शालू, बोटं बधिर हायत. म्हारोगाची सुरुवात अशीच असती. कुणाला सांगू नगंस."

शालूबाईंनी कुणाला सांगितलं नाही. नागुबाईंनी फक्त आपल्या सुनेला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी न्हावी आलाच नाही. वस्तऱ्याला धार नाही, असा निरोप आला. जांबोटीहून बांधाच्या भांडणासाठी आलेला मष्णू अंगठा उठवायला दाराबाहेरच थांबला. मारुतीरावांनी कागद पुढे केला तर त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "ठेवा तितं खाली, वकीलसायेब. घेतो मी."

कोर्टाच्या बाररूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मारुतीराव वकील होते, त्यांनी पुराव्यावरून अनुमान काढलं. गिटारीचं बिंग फुटलं होतं. बाजारपेठेतला प्रतिष्ठित वकील कॅम्पात जाऊन बँडवाल्याचं वाद्य बडवतो, हे लोकांना खपलेलं नव्हतं. त्यांना रागही आला आणि एक प्रकारचा जोरही चढला. एकदा वडिलांना घाबरून सोडली होती. आता न्हाव्याला आणि बाररूमला घाबरून सोडायची काय?

घरी शालूबाई डोळे सुजवून बसल्या होत्या.

"तुला कळलंय म्हणायचं," मारुतीराव म्हणाले.

"कळलंय. कवापासनं हाय?"

"एकोणिसाव्या वर्षापासनं. मधी दबलं हुतं. आता परत वर आलंय."

"म्हंजे लग्नाच्या आधीपासनं?"

"व्हय. आप्पांना ठाऊक हुतं. त्यांनीच दाबलं."

शालूबाईंनी भिंतीला पाठ टेकली. "कुटनं लागलं?"

"कॅम्पात एक म्हातारा हाय. त्यानंच लावलं. अजून रोज जातो मी त्याच्याकडं."

"अजून जाताय?"

"जाणार. कोण काय बोलायचं ते बोलू दे. आता हे माझ्याबरुबरच जाईल."

शालूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बायकोला गिटारीचं इतकं वाईट वाटावं याचं मारुतीरावांना नवल वाटलं. पण ते विरघळले नाहीत.

रविवारी सुपारी फुटायची होती. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी भरमाण्णा यांचा मुलगा नीलाला बघून गेला होता, पत्रिका जुळली होती. पण रविवारच्या आधीच भरमाण्णा सर्व्हिस मोटारीनं एकटेच आले. सोप्यावर बसले, पण पाण्याला हात लावला नाही.

"मारुतीराव, निपाणीपतूर एक गोष्ट आलीया. खरी का खोटी एवढं सांगा."

"खरी हाय," मारुतीराव म्हणाले. "लपवून काय उपयोग?"

भरमाण्णांनी पटका सारखा केला. असं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. "पोरीला तर न्हाय न्हवं?"

"न्हाय. तिच्या कानावरबी घातलं न्हाय मी अजून. पण पुढंमागं तिला लागलं तर मी काय अडवणार न्हाय."

"अडवणार न्हाय?"

"माझ्या बापानं अडवलं, त्याचं काय झालं? वयाच्या पन्नाशीला धरलंच की."

आतल्या दाराआड शालूबाईंचा हुंदका ऐकू आला. भरमाण्णा हळूच सरकून बाकाच्या टोकाला बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बोटं झडायला लागल्यात काय?"

"झडतील कशाला? उलट टणक झाल्यात. हे बघा."

"म्हारोगात टणक होत्यात?"

मारुतीरावांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग मारुतीरावांना न्हावी आठवला, मष्णूचे पाठीमागचे हात आठवले, बायकोचे प्रश्न एकेक करून आठवले, आणि आपण तिला काय काय उत्तरं दिली तीही. "शालू," त्यांनी हाक मारली, "बाहीर ये जरा."

त्यांनी सगळं सांगितलं. शालूबाईंनी विश्वास ठेवला नाही. आपल्या समाधानासाठी नवरा थापा मारतोय असंच त्यांना वाटलं. भरमाण्णांनीही ठेवला नाही. मारुतीरावांनी डॉक्टरचं नाव काढलं तर ते म्हणाले, "डॉक्टर तुमचा पत्त्यातला भिडू. त्यो दुसरं काय सांगणार?"

"मग वाजवूनच दावतो."

टांगा करून मारुतीराव कॅम्पात गेले आणि गिटार चादरीत गुंडाळून घेऊन आले. गल्लीतले लोक दारं अर्धवट उघडून बघत होते. नागुबाई तर सरळ सोप्यावर येऊन बसल्या. नीला चौकटीत उभी राहिली. आपलं लग्न वडिलांच्या बोटांवर येऊन ठेपलंय हे तिला तिथंच समजलं.

पास्कोलनं शिकवलेली गोव्याकडची एक साधी चाल, एवढीच मारुतीरावांची पुंजी. ती त्यांनी सुरू केली. मध्यावर एक तार खरखरली. ते थांबले. "सुरवातीपासनं," म्हणाले. दुसऱ्या वेळी बोट भलत्याच पडद्यावर पडलं. "सुरवातीपासनं." तिसऱ्या वेळी बरेच पुढं गेले आणि मग पुढचं आठवेना. कपाळावरून घाम ओघळत होता.

भरमाण्णा उठून उभे राहिले. "पटलं मला. म्हारोग न्हाय. रोग्याला एवढा जोर यायचा न्हाय."

"बसा."

"अवो, पटलं म्हणतोय न्हवं."

"शेवटचा तुकडा ऱ्हायलाय. बसा."

भरमाण्णा बसले. मारुतीरावांनी डोळे मिटले आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. संथ, जरा अडखळत, पण एकही सूर न सोडता ती शेवटापर्यंत गेली. शेवटची तार वाजून थांबली तरी त्यांचं बोट तिच्यावरच होतं. शालूबाई पुढे आल्या, त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि बोटांची टोकं चाचपली. घट्टे होते, नुसते घट्टे. त्या रडायच्या थांबल्या आणि मग त्यांना राग आला. "मला सांगायला काय झालतं?"

भरमाण्णा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याले. "एक इचारतो, मारुतीराव. पोरगी वाजवत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग रईवारी सुपारी फोडू."

लग्न वैशाखात झालं. पण गावानं उठवलेली गोष्ट गावानं मागं घेतली नाही, फक्त थोडी दुरुस्त केली. वकिलांना रोग झाला होताच. त्या तारांच्या लाकडानं तो गेला.

लग्नाचा मांडव उतरला त्याच आठवड्यात नागुबाई येऊन बसल्या. "मारुती, सकाळी माझी बोटं वळत न्हाईत. त्ये वाजवायला शिकीव."

"आक्का, त्यानं काय बरं होत न्हाय."

"तुझं झालं न्हवं?"

"मला काय झालंच न्हवतं."

"व्हय, व्हय. सांगायचं असंच असतंय. चल, कुटं जायाचं?"

मारुतीरावांनी बरीच वकिली केली, पण नागुबाई हलल्या नाहीत. शेवटी ते त्यांना कॅम्पात घेऊन गेले. नागुबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून खुर्चीवर बसल्या आणि गिटार त्यांनी नातवंड घ्यावं तशी मांडीवर घेतली. पास्कोल त्यांना जेवढं शिकवायचा, तेवढं त्या काही न बोलता करायच्या. घरी परतताना वाटेत हवेतच बोटं हलवायच्या.

मारुतीराव मात्र तिथंच अडकले होते. भरमाण्णांसमोर वाजली तशी ती चाल पुन्हा काही अख्खी वाजली नव्हती. पण ते एक दिवस चुकत नव्हते.

गौरी-गणपतीच्या सुमाराला एका संध्याकाळी नागुबाईंनी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. कुठं खरखर नाही, कुठं अडखळणं नाही. पास्कोल मान डोलवत ऐकत होता. चाल संपल्यावर तो म्हणाला, "बाये, उद्या तुला दुसरी चाल. मारुतीबाब, तू पहिलीच धर."

मारुतीरावांनी एकदा नागुबाईंच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी आपली खुर्ची नागुबाईंच्या खुर्चीला लावली, गिटार मांडीवर घेतली आणि बोटं तारांवर ठेवली.

"आक्का," ते म्हणाले, "त्या मधल्या जागी बोट कसं सरकवलंस? परत दाव. हळू."