पाणावलेल्या डोळ्यांचं संशोधन

"मग हे काम कोण घेतंय?" असं मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, तेव्हा धुके सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक ढग दुसऱ्या ढगात इतक्या अलगद शिरत होता, की सरांची मान आपसूक हलली. "वा!" असंही ते म्हणाले. (ढगाला.) बाईंनी लगेच त्यांचं नाव लिहून घेतलं.

धुके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. भाषा शिकवताना सर वाक्याच्या मध्यावरच हरवायचे आणि बाहेर पडायचे ते भलत्याच गावाला, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. सरांना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

काम असं होतं. शाळा संपवून गेलेली मुलं कॉलेजच्या पहिल्याच निबंधात गटांगळ्या खातात, अशी तक्रार आली होती. त्यांना प्रश्न मांडता येत नाही, ती इंटरनेटवरून उतारेच्या उतारे उचलतात आणि खाली संदर्भ म्हणून 'मोबाइल' असं लिहून मोकळी होतात. तेव्हा शेवटच्या वर्गाला संशोधन-लेखन शाळेतच शिकवून पाठवावं, असं ठरलं होतं.

आपण हे काम घेतलंय हे सरांना घरी जाताना कळलं, तेही चिमटीकडून. चिमटी म्हणजे त्यांची लेक. ती त्यांच्याच वर्गात होती. शाळेत त्यांना "सर, तुम्ही" म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की "बाबा, तू". कोणाच्याही बोलण्यातली फट ती अचूक पकडायची, म्हणून हे नाव.

"बाबा, तुला संशोधन कसं करतात माहितीये?"

"संशोधन म्हणजे काय गं, शेवटी एक तंद्रीच," सर म्हणाले आणि समोरच्या सायकलवर आदळता आदळता वाचले.

पण गंमत म्हणजे सर शिकवायला लागले आणि रंगले. दुपारचा तास, तिरपं ऊन, त्यात खडूची भुकटी तरंगतेय आणि सर हलक्या आवाजात सांगतायत, "मोठे विषय नकोत. विश्व, मानवजात, सगळं राहू द्या. घरात जे रोज कानावर पडतं, त्यातलं एक वाक्य उचला आणि विचारा, हे खरं कशावरून? ज्यानं स्वतः पाहिलंय त्याच्याकडे जा. कोण काय म्हणालं ते टीप देऊन लिहा. आणि जे कळलं नाही, ते कळलं नाही म्हणूनच लिहा. त्यात कमीपणा नाही."

मुलांनी हे फारच मनावर घेतलं. घराघरांतून शाळेत फोन यायला लागले. एक आई म्हणाली, "पोराला विचारलं जेवण कसं झालंय, तर म्हणतो, प्राथमिक निरीक्षणानुसार बरं आहे!" एका वडिलांचा आवाज तर रडवेला होता. शाळेत असताना आपण धावण्यात कायम पहिले यायचो, असं ते घरी सांगत आले होते. मुलीनं त्यांच्याबरोबर धावणारे दोघे मित्रच शोधून काढले होते. दोघांनीही स्वतःचं नाव पहिलं सांगितलं.

मुख्याध्यापिकाबाई चिंतेत पडल्या. सर मात्र हवेत तरंगत होते. घरोघरी सत्याचा दिवा लागलाय, असं काहीसं त्यांना दिसत होतं. (दिव्याचा चटका शेजारच्याला बसत असला की तो सुंदरच दिसतो.)

अशातच चिमटीनं आपला विषय त्यांच्यापुढे ठेवला: 'बाबांच्या भाषणाने आईच्या डोळ्यांत पाणी आले होते का?'

सरांना गहिवरून आलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, कारण सर ती सगळ्यांना सांगायचे. लग्नकार्यात, वाढदिवसाला, डॉक्टर ब्लडप्रेशर बघत असताना. तरुणपणी त्यांनी एका वाचनालयात संधिप्रकाशाच्या सौंदर्यावर भाषण दिलं होतं. श्रोते मूठभर. (मूठही लहानच.) मागच्या खुर्चीत एक अनोळखी मुलगी डोळे मिटून ऐकत होती. 'या वेळी प्रत्येक वस्तू आपली कड सोडून देते' या वाक्याशी सर आले आणि तिच्या मिटल्या पापणीतून एक थेंब गालावर ओघळला. तिथेच सरांचं ठरलं. पुढे ती त्यांची बायको झाली. ती फिजिओथेरपिस्ट होती, लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करायची. सर ही गोष्ट सांगायला लागले की ती काहीतरी आणायला आत जायची. लाजते, असं सर समजायचे.

"जरूर कर हा विषय," सर म्हणाले. "आणि वाचन सगळ्यांसमोर होऊ दे. पालकांनाही बोलवू."

वाचनाच्या दिवशी सर निळा शर्ट घालून आले. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या बाकावर, पालक भिंतीलगत, आणि सरांची बायको अगदी मागे, दाराजवळ. चिमटी कागद घेऊन उभी राहिली.

"सर, सुरू करू?"

"कर," सर म्हणाले आणि खिडकीपाशी अशा बेतानं उभे राहिले, की उजेड एका गालावर पडावा.

पहिलं पान छानच गेलं. वाचनालयाचं वर्णन, जुना जिना, वरच्या मजल्यावरच्या उंच खिडक्या. सर डोळे मिटून ऐकत होते.

"खालच्या मजल्यावर त्या काळी डोळ्यांचा दवाखाना होता," चिमटी वाचत होती. "त्या दिवशी साक्षीदार क्रमांक एक, म्हणजे आई, तिथे डोळे तपासायला गेली होती. नर्सनं तिच्या डोळ्यांत बुबुळं मोठी करायचे थेंब घातले. बाहेर बसायला जागा नव्हती. म्हणून नर्स म्हणाली, वर जाऊन डोळे मिटून बसा. मध्ये मध्ये पाणी येईल, घाबरू नका."

सरांनी डोळे उघडले. वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं.

"साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे देते," चिमटी म्हणाली. "'एकदा डोळे उघडून पाहिलं, तर सगळं विरघळलेलं. खिडकी म्हणजे नुसता मोठाच्या मोठा उजेड. माणसं म्हणजे पाण्यात सांडलेले रंग. त्या सगळ्यातून एक आवाज येत होता. शब्द काही डोक्यात शिरत नव्हते, पण आवाज उबदार होता. आपण उजेडाच्या तळ्यात तरंगतोय आणि कोणीतरी काठावरून हाक मारतंय, असं वाटत होतं. आवाजाच्या दिशेनं पाहिलं. तिथे एक उंच, रुंद, शांत आकृती उभी होती. मनात म्हटलं, काय व्यक्तिमत्त्व आहे!'"

सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी खांदे किंचित मागे घेतले.

"या विधानाची मी जागेवर जाऊन पडताळणी केली," चिमटी पुढे वाचायला लागली. "वक्त्याची जागा खिडकीच्या डावीकडे आहे. साक्षीदारानं सांगितलेल्या जागी, म्हणजे उजवीकडे, पुस्तकांचं लोखंडी कपाट आहे. ग्रंथपालकाकांच्या म्हणण्यानुसार ते तेव्हाही तिथेच होतं. ते उंच आहे, रुंद आहे. शांत आहे, हे मी स्वतः पाहिलं."

मग वर्ग राहिलाच नाही. मुलं बाकांवर आडवी झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता. धावण्यात पहिले येणारे वडील तर टाळ्या वाजवत होते. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. पण शाळेची फरशी मजबूत होती.

"निष्कर्ष," चिमटी आवाज चढवून म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खरं. ते भाषणामुळे आलं, याला पुरावा मिळाला नाही. साक्षीदारानं पुढे लग्न वक्त्याशी केलं, कपाटाशी नाही. तसं का केलं, ते मला कळलेलं नाही."

हसणं ओसरल्यावर एका मुलीनं हात वर केला. "काकू, तुम्ही हे आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सरांची बायको अवघडून हसली. "नाही गं. कधी कोणी विचारलंच नाही."

ती तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती, तरी ते वाक्य सरांना कुठेतरी खोल जाऊन लागलं. मूळ साक्षीदाराकडे जा, असं ते मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. आणि त्यांचा मूळ साक्षीदार रोज सकाळी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होता! इतकी वर्षं त्यांनी ती गोष्ट तिच्याबद्दल सांगितली होती, तिला मात्र कधी विचारली नव्हती.

"उत्तम," सर वर्गाला म्हणाले. "निबंध असा लिहायचा."

घरी आल्यावर नवरा-बायको दोघं गॅलरीत बसली. संध्याकाळ होत होती. समोरच्या इमारतींच्या कडा हळूहळू पुसट होत होत्या आणि सरांना त्याबद्दल बोलायचा धीर होत नव्हता.

"तू सांगितलं का नाहीस गं मला?"

"तुम्ही इतकं रंगून सांगायचात. मध्येच कसं थांबवणार? म्हणून मी आपली उठून आत जायचे. आणि पुढे पुढे मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं."

"मग लग्नाला हो कशाला म्हणालीस?"

"भाषण संपल्यावर मला काही दिसत नव्हतं. तुम्हाला वाटलं, रडून. तुम्ही मला जिना उतरवून रस्ता ओलांडून दिलात. आठवतंय?"

"आठवतंय तर! मी तेव्हा तुला संध्याकाळबद्दल काहीतरी..."

"छे! तोंडातून शब्द फुटला नाही तुमच्या. घाबरला होतात. नुसता कोपर धरून हळूहळू चालत होतात. खड्डा आला की थांबायचात, मी पाय पुढे टाकेपर्यंत वाट बघायचात. मला वाटलं, या माणसाबरोबर डोळे मिटून चालता येईल. आणि वाटलं, किती कमी बोलतो!" ती हसली. "त्यातलं पहिलं खरं निघालं."

सरांचे डोळे भरून आले. उत्तरादाखल एक फार सुंदर वाक्य त्यांच्या ओठांवर आलं; निदान सहा-सात ओळी तरी चाललं असतं. पण त्यांनी ते गिळलं. आज तिला तो रस्त्यावरचा माणूस परत द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. काही न बोलता त्यांनी तिचा कोपर हलकेच धरला आणि समोर विरघळत चाललेल्या रस्त्याकडे बघत बसले. असा बराच वेळ गेला. सरांना वाटलं, इतक्या वर्षांत आपण तिच्याशी इतकं छान कधी बोललोच नव्हतो.

बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला हात लावला.

"चिमटे," तिनं काळजीनं आत हाक मारली, "थर्मामीटर आण गं. बाबा बोलत नाहीयेत!"